म्हशीसाठी मॅनिफोल्ड

मालकांकडे मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी माझी मुलाखत घेतली नाही. माझ्या आईने त्यांची घेतली.

आई शाळेत इंग्रजी शिकवायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ती साडी सावरत, लोखंडाचा कीस चुकवत आली, खुर्चीवर रुमाल अंथरून बसली आणि म्हणाली, "इथलं वातावरण कसं आहे?"

मालकांनी छताकडे बघितलं. "हवेशीर हाय की."

"तसं नाही. भाषा कशी आहे? मुलगी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे."

कुणीतरी ग्राइंडर बंद केला. मालकांनी छातीवर हात ठेवला. "ताई, तुमच्या पोरीच्या कानावर हितं एक वंगाळ शब्द पडणार न्हाय. शब्द हाय माझा."

शेडमधले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, तो आदर असावा. तो धक्का होता, हे मला हळूहळू कळलं.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी मुलगी ठेवली की पुण्याच्या कंपन्या आपल्याला कारखाना म्हणतात, नाहीतर गॅरेज म्हणतात, असं मालकांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून आधी कॉम्प्युटर आला, मग मी. दोघांना एकाच टेबलावर बसवलं. कॉम्प्युटरला रोज सकाळी हळदकुंकू लागायचं. मी नको म्हणाले म्हणून मी सुटले. कुणी पाहुणा आला की मालक त्याला टेबलापर्यंत घेऊन येत. "बगा पावणं, ह्यो कॉम्प्युटर, आन् ह्या मॅडम. हात लावू नका, आत ड्रॉइंग हाय." माझं वय तेव्हा मॅडम म्हणण्याचं नव्हतं. पण मालकांच्या मते इंग्रजी येणारी बाई ही जन्मतःच मॅडम असते.

पुण्याचा फोन आला की तो मला घ्यावा लागे. मी मुळात हळू बोलते. मालक शेजारी उभे राहून मला हाताने वर उचलल्यासारखं करत. "मोठ्यानं, मॅडम, मोठ्यानं! पुण्यात ऐकू गेलं पायजे." ते स्वतः कधी फोनवर बोलले की पुण्यात फोनशिवायही ऐकू गेलं असेल, अशी मला शंका यायची.

कामाची त्यांची पद्धत सोपी होती. आधी वस्तू बनवायची, मग मी तिचं ड्रॉइंग काढायचं. ड्रॉइंग आणि वस्तू जुळली की ते खूश होऊन म्हणत, "बगा, अगदी ड्रॉइंगबरहुकूम झालंय." माप डोळ्यात असतं, ड्रॉइंग गिऱ्हाइकासाठी असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा वेल्डर आप्पाण्णा सीमेकडचा होता. तो मालकांच्या प्रत्येक सिद्धान्तावर "हौद्री" म्हणायचा. हो ला कन्नडमध्ये तसं म्हणतात. मालकांचा एखादा सिद्धान्त फारच अचाट असला की तो दोनदा म्हणायचा.

मालक शब्दाला पक्के होते. आईला दिलेला शब्द त्यांनी पाळला, पण त्यांच्या प्रकृतीला तो मानवत नव्हता. भोक चुकलं, कटर तुटला, लाइट गेली की त्यांचा चेहरा लालबुंद होई, गळ्याची शीर फुगे. मग ते एक बोट वर करून सगळ्या शेडला थांबायची खूण करत, मागच्या दाराने बाहेर जात आणि दार ओढून घेत. मागे अंगण होतं, अंगणात गोठा, गोठ्यात त्यांची म्हैस. माझ्या टेबलाशेजारी अंगणाकडची खिडकी होती. ती मी कायम बंद ठेवायचे. काचेतून शब्द यायचे नाहीत, फक्त चाल यायची. आधी ठाय, मग द्रुत, आणि शेवटी एक लांब सूर.

म्हशीचं नाव मैना. ती रवंथ करत बसलेली असायची. मालक बाहेर आले आणि सुरू झाले की ती पाय झाडत उठायची, कान पुढे करायची आणि दाव्याला ताण देऊन त्यांच्याकडे जायला बघायची. मालक संपूर्ण मोकळे झाले की तिच्या कपाळावर हात फिरवत आणि आंघोळ केल्यासारखे ताजे होऊन आत येत. "हां मॅडम, काय म्हणत हुतो?"

हे मी रोज बघायचे. त्यात काही अर्थ असेल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

मैना साधी म्हैस नव्हती. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधायचा आणि मालकाने सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढे निघायचं. म्हैस त्या आवाजामागे धावते. एवढ्या गोंगाटात तिने आपल्या माणसाची गाडी ओळखायची, यातच सगळी इभ्रत. आमचे मालक मोटरसायकल वापरत नसत. "मोटरसायकलमागं काय, शेळी बी पळंल," असं म्हणून ते आपली जुनी उघडी जीप काढत. मैना वर्षानुवर्षं त्या जीपमागे सगळ्यांच्या पुढे धावली होती.

मी लागले त्या वर्षी उन्हाळ्यात जीपचं रेडिएटर कोरडं पडलं, इंजिन तापलं आणि त्याच्या ब्लॉकला चीर गेली. मालकांनी जुन्या बाजारातून, एका ठोकलेल्या मोटारीचं जपानी इंजिन आणलं. ही बातमी पैलवानाला लागली. पैलवान म्हणजे गंगावेशीतला एक गवळी. दरवर्षी त्याची म्हैस मैनेच्या मागे राहायची. आमच्या दारातल्या चहाच्या गाडीवर तो मुद्दाम आला.

"मालक, जीप गेली म्हणं. औंदा म्हैस कशामागं पळवणार? रिक्षाच्या?"

"नवीन इंजिन टाकतोय. जपानी."

"मंग ऱ्हाऊ द्या. नवं इंजिन, नवा आवाज. म्हैस जाग्यावरनं हलायची न्हाय." पैलवानाने बशीतला चहा ओढला. "अवो, ती म्हैस त्या इंजिनाची हुती. तुमची कवा हुती?"

मालक उभे राहिले. मी टेबलावर होते, दार उघडं होतं, म्हणजे मोकळं बोलायची सोय नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला.

"पाडव्याला मैना माझ्यामागं आली न्हाय, तर तिथंच तिचं दावं धरायचं आन् तुझ्या गोठ्यात न्यायची. मी मागं वळून बघणार न्हाय. शब्द हाय माझा."

"आन् आली तर?"

"आली तर तू गप उभं राहून बघायचं."

पैलवान गेल्यावर आप्पाण्णाने विचारलं, "मालक, जिकला तर तुम्हाला काय मिळतंय?"

"इज्जत."

"ती हाय की आत्ता बी."

"मंग राखायला नको?"

"हौद्री, हौद्री," आप्पाण्णा म्हणाला.

इंजिन जीपमध्ये बसलं. पण बाजारवाल्याने त्याचा इनटेक मॅनिफोल्ड आधीच दुसऱ्या कुणाला विकला होता. कार्बोरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल चार सिलिंडरांना वाटून देणारा नळ्यांचा पंजा म्हणजे हा मॅनिफोल्ड. तो नसेल तर इंजिन श्वासच घेणार नाही. शेजारच्या गॅरेजवाल्याने तसाच एक उसना दिला. नारळ फोडला. मालकांनी मला मानाने जीपशेजारी उभं केलं, हातात पेढा दिला. सायलेन्सर काढलेलाच होता. मालकांनी चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि एखाद्या चांगल्या घरातल्या मुलीसारखं बोलायला लागलं. जीप अंगणातून पुढे गेली. मैनेने मानसुद्धा वळवली नाही.

मालक उतरले. "ह्ये शिलाई मशीन हाय," ते म्हणाले. "म्हैस कशाला येईल हिच्यामागं? झंपर शिवायला?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा सिद्धान्त तयार होता. सायलेन्सर काढला की मागून सगळ्या गाड्या सारख्याच ओरडतात. गाडीचा स्वतःचा आवाज नाकातून येतो, आणि इंजिनाचं नाक म्हणजे मॅनिफोल्ड. "उसन्या नाकानं कोण वळखंल? मॅडम, घ्या कागद. आपण नाक करायचं."

माझ्या नोकरीतलं हे पहिलं काम, ज्यात वस्तूच्या आधी ड्रॉइंग होणार होतं. मी खूश झाले. इंजिनाच्या हेडवर जाड पुठ्ठा धरून त्याच्या कडांवर हातोडीने हलके हलके ठोकलं की भोकांचा छाप पुठ्ठ्यावर उमटतो. तसा छाप घेऊन मी चार भोकांची पट्टी काढली. चार आखूड, सरळ, सारख्या लांबीच्या नळ्या काढल्या. त्या एका डब्यात मिळतात, डब्याच्या तोंडावर कार्बोरेटर. मालकांनी ड्रॉइंग उलटंसुलटं धरून बघितलं.

"नळ्या लांब करा. जुनं इंजिन लांब दम घ्यायचं."

मी लांब केल्या.

"आता आवाज घाला."

"आवाज?"

मालकांनी डोळे मिटले, गाल फुगवले आणि जुनं इंजिन तोंडाने वाजवून दाखवलं. घुर्रर्र-ढब. घुर्रर्र-ढब. कामगार काम थांबवून भक्तिभावाने ऐकत होते. "ह्यातलं घुर्रर्र आलंय तुमच्या ड्रॉइंगात. ढब कुठं हाय?"

कॉन्व्हेंटमध्ये आणि त्यानंतर डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला ढब कुणी शिकवलं नव्हतं. मी डबा मोठा केला. मालक म्हणाले, अजून. मी अजून मोठा केला. शेवटी ते स्वतःच घरात गेले आणि एक स्टीलची दुधाची किटली घेऊन आले. "ह्यो घ्या डबा. तिच्याच दुधाची हाय. वास बी वळखीचा येईल."

"हौद्री, हौद्री," आप्पाण्णा म्हणाला आणि त्याने वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली.

पहिला मॅनिफोल्ड फुकट गेला. पट्टी कशालाही न बांधता मोकळीच वेल्ड केली, ती तापून केळ्यासारखी वाकली. मालकांनी तिच्याकडे बघितलं, बोट वर केलं आणि मागच्या दाराने गेले. मैना उठलेली मला दिसली. दुसरी पट्टी जाड लोखंडावर नटबोल्टने आवळून, थोडं इथे थोडं तिथे असं वेल्ड केली. ती सरळ राहिली. पण इंजिन एका तालात चालेना. कुठल्यातरी सांध्यातून ते बाहेरची हवा ओढत होतं. ती जागा शोधायला मालकांनी उदबत्तीचा पुडा मागवला. चालू इंजिनाभोवती पेटलेली उदबत्ती फिरवायची. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे फट. मालक डोळे बारीक करून, हळूहळू, गोल गोल उदबत्ती फिरवत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका चपला काढून आत आल्या, किटलीला कुंकू लावलं, नमस्कार केला. त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, "कशाला पावतो गं ह्यो?"

उत्तर मालकांनी दिलं. "दम्याला," ते म्हणाले.

बॉनेट बसेना, म्हणून त्याला भोक पाडलं. त्यातून किटलीचा खांदा वर आला. जीप आता गळू झाल्यासारखी दिसत होती. पण मान्य करायला हवं, इंजिन चालू केलं की ते घुर्रर्र म्हणायचं, आणि पेडल सोडलं की किटलीच्या पोटात कुठेतरी स्पष्ट ढब व्हायचं.

चाचणीच्या दिवशी मालक मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही आतच बसा. मैदानात धूळ हाय." मी आत बसले. खिडकी बंद होती. शेडमागच्या मैदानातून इंजिनाचा आवाज आला आणि त्याच्यावर चढलेली मालकांची ती ओळखीची चाल. गाडी चालवताना मालकांच्या तोंडाला खळ नसतो, एवढं मला आप्पाण्णाने सांगितलं होतं. मग एकदम जल्लोष. मैना दावं हिसकून जीपमागे सबंध मैदान धावली होती. मालक घामाने निथळत आत आले. "नाद खुळा! मॅडम, तुमचं ड्रॉइंग म्हशीला कळलं!"

माझ्या ड्रॉइंगला इतकी मोठी दाद नंतर कुठल्याच कंपनीत मिळाली नाही.

पाडव्याला आई माझ्याबरोबर आली. मुलीने कॉम्प्युटरवर केलेली वस्तू तिला बघायची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, गच्च्यांवर माणसं. मोटरसायकली फाडफाड करत होत्या. मैनेची शिंगं भगवी-हिरवी रंगवली होती, तुरा डुलत होता. पैलवान त्याच्या म्हशीला पळवून, उरकून आला होता आणि हाताची घडी घालून आमच्या अगदी शेजारी उभा होता. आप्पाण्णाच्या हातात मैनेचं दावं होतं.

मालकांनी आम्हाला बघितलं. आईला वाकून नमस्कार केला, म्हणाले, "ताई, आलात, बरं झालं." मग जीपमध्ये चढले आणि तोंड मिटलं.

घुर्रर्र-ढब. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आप्पाण्णाने दावं सैल सोडलं. जीप पुढे गेली, आणखी पुढे गेली. मैना होती तिथेच होती. तिने शेपटीने एक माशी हाकलली.

मालक जीप मागे घेऊन आले. पुन्हा पुढे गेले. या वेळी पेडल दाबून. किटली हंबरायला लागली. मैना शांतपणे दुसरीकडे बघत होती.

"वळखंना की ओ," पैलवान म्हणाला. आवाजात साखर होती. "मी म्हणलं हुतं, म्हैस इंजिनाची." त्याने आप्पाण्णाच्या हातून दावं घेतलं. आप्पाण्णाने सोडलं नाही, पण धरलंही नाही.

जीप तिसऱ्यांदा मागे आली. मालकांचा चेहरा लालबुंद झाला होता. गळ्याची शीर फुगली होती. त्यांनी बोट वर केलं, सगळ्या रस्त्याला थांबायची खूण करावी तसं, आणि सवयीने मागे वळून बघितलं. रस्त्याला मागचं दार नव्हतं. तिथे फक्त माझी आई होती आणि मी. त्यांनी बोट खाली घेतलं, ओठ घट्ट मिटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं.

आणि मला एकदम सगळं दिसलं. नारळ फोडला त्या दिवशी मी जीपशेजारी होते, आणि म्हैस हलली नाही. चाचणीला मी आत होते, म्हैस धावली. मधल्या काळात मॅनिफोल्ड बदलला होता, म्हणून तो त्याचाच प्रताप समजून आम्ही नाचलो. पण आज मॅनिफोल्ड तोच होता, आणि म्हैस उभी होती. खरं म्हणजे तिथे मी उभी होते. खिडकीपलीकडे रोज कान पुढे करून उठणारी मैना मला आठवली.

"मालक," मी म्हणाले. माझा आवाज माझ्या ओढणीपर्यंतसुद्धा पोचला नसावा.

पैलवानाने दावं मनगटाला गुंडाळलं.

"मालक!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, पुण्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मालक, शिव्या द्या!"

आजूबाजूची माणसं माझ्याकडे वळली. आई वळली. मी आईकडे बघितलं नाही.

"मॅडम?" मालक म्हणाले.

"शिव्या द्या! ती गाडीला नाही ओळखत, तुम्हाला ओळखते! मागच्या अंगणात देता तशा द्या!"

मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. छातीवर हात ठेवून दिलेला शब्द होता तो. एक शब्द पाळला तर दुसऱ्यापायी मैना जात होती, तरी तो माणूस तोंड उघडायला तयार नव्हता. तेवढ्यात माझ्या दोन्ही कानांवर दोन तळवे घट्ट बसले. आईचे होते. खडूचा वास येत होता. तिने वरून मालकांना मान हलवून खूण केली: आता द्या.

पुढचं मी ऐकलं नाही. बघितलं. मालकांचं तोंड उघडलं, हात आभाळाकडे गेला. त्यांनी किटलीपासून सुरुवात केली असावी, कारण पहिल्यांदा त्यांनी तिच्यावर बुक्की मारली. मग पैलवान, मग जपान. समोरच्या गच्चीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि मैनेचे कान पुढे आले. तिने मान वळवली, दाव्याला एकच हिसका दिला. पैलवान चार पावलं फरफटला आणि त्याने दावं सोडलं. पुढे जीप, जीपमध्ये अर्धे उभे राहून मागे तोंड करून ओरडणारे मालक, आणि मागे शिंगं उचलून धावणारी मैना. स्टिअरिंग कोण धरत होतं, देव जाणे. वळणावर जीपचं इंजिन फटफट करून बंद पडलं. मालक उडी मारून उतरले आणि तसेच ओरडत धावत सुटले. मैनेला जीप थांबल्याचं कळलंसुद्धा नाही.

आईने माझ्या कानांवरचे हात काढले. "माणूस शब्दाला पक्का आहे," ती म्हणाली.

दिवाळी संपल्यावर शेड उघडली, तेव्हा दारात पैलवान उभा होता. मान खाली. त्याच्या मागे आणखी दोन गवळी.

"मालक, तसला मॅनिफोल्ड आम्हाला बी पायजे. मोटरसायकलला बसंल तसला."

मालकांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला. "मॅडम, ड्रॉइंग काढा. किटली ज्याची त्यानं आणायची. ज्या म्हशीला बसवायचा तिच्याच दुधाची."

पैलवान गेल्यावर मी म्हणाले, "पण मालक, खरं कारण तर..."

"खरं कारण मला ठावं हाय, तुम्हाला ठावं हाय." मालकांनी मिशांवरून हात फिरवला. "पण मॅडम, शिव्या पैलवानाला बी येतात. मॅनिफोल्ड कुठं येतोय?"

"हौद्री," आप्पाण्णा म्हणाला. एकदाच.

मला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा सांगायला मी बरेच दिवस घेतले. शेवटी सांगितलं. मालक माझ्या टेबलापाशी आले. कॉम्प्युटरवरचं कापड उगाच सरळ केलं. काहीतरी बोलायला गेले. मग चेहरा लाल झाला, त्यांनी बोट वर केलं आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

मी उठले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खिडकी उघडली.

ते माझ्याबद्दलच बोलत होते. काय बोलत होते ते इथे लिहीत नाही. शब्द त्यांनी मोडला नव्हता, खिडकी मी उघडली होती. मैना कान पुढे करून उठून उभी होती. खिडकीच्या अलीकडे मीही उभी होते.